मांजरमातीच्या इनामाची बखर

मौजे लोन सीडर, परगणे पूर्व यूटा, येथील समस्त थोर-लहान, सहा-सहा पोरांच्या माता आणि पिकअपधारी पिते, खाणीतले, मेंढ्यांमागले व नुसतेच ओट्यावर बसलेले, यांस विदित व्हावे की, गतसाली माहे ऑक्टोबरी, हरणांची शिकार खुली होते त्या शनिवारी, दोनप्रहरच्या आत जी मोहीम जाहली, तिची हकीकत जो तो आपापल्या सोयीने सांगू लागला. कोणी म्हणे मेंढ्या दोन हजार होत्या, कोणी म्हणे पाच. कोणी म्हणे आर्डिथबाई रांगत गेल्या, कोणी म्हणे उडत गेल्या. सबब खरे काय ते एकदाचे कागदावर आणावे म्हणून हे लिहिले असे. यात पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर ते चांगल्याकरिताच घातले, तकरार करू नये.

पूर्वपीठिका ऐसी की, फार वर्षांमागे सरकारचे मोजणीदार साखळ्या घेऊन या वैराण मुलखात आले आणि त्यांनी सगळा माळ चौकोनी चौकोनी मापिला, आणि मग सरकारचा हुकूम जाहला की दर छत्तीस चौकोनांमागे चार चौकोन शाळांस इनाम द्यावे. त्या समयी येथे शाळा नव्हती, मुले नव्हती, साप तेवढे बहुत होते. इनामाच्या चौकोनात शंभर वर्षे काडी पिकली नाही. मग कोणी भूगर्भ जाणणारा गृहस्थ आला, त्याने तेथील करडी माती चिमटीत धरून तीवर पाण्याचा थेंब टाकिला, तो मातीने तत्काळ ढेकूळ धरिले. गृहस्थ आनंदाने नाचू लागला. कारण की, दूरदेशीच्या शहरांत लोक घरात मांजरे बाळगितात, आणि त्यांचे शौचासाठी पेटी मांडून ठेवितात, आणि त्या पेटीत घालावयास ऐसीच माती लागते.

येणेप्रमाणे खाण सुरू जाहली. खाणवाले जेवढी माती उचलतात तेवढीवर रॉयल्टी नामे हक्क भरतात, तो शाळांचे खजिन्यात जमा होतो, आणि दरसाल त्यातून प्रत्येक गावचे शाळेस वाटा येतो. त्या वाट्याचे काय करावे हे बड्या कचेरीतला कोणी अंमलदार ठरवीत नाही, गावचे आईबापच सात असामींचे मंडळ करून ठरवितात. सारांश, शहरातली मांजरे दिवसातून दोन वेळ ज्या कार्यास बसतात, त्या कार्यातून लोन सीडरच्या पोरांस अक्षर येते. हे ऐकून कोणास हसू आले तर त्याने खुशाल हसावे, आम्हीही हसतो. मात्र नाक मुरडू नये.

मंडळाच्या अध्यक्षा सकलगुणालंकृत सिस्टर (त्या गावच्या पंथात प्रत्येक बाईस ऐसेच म्हणतात) आर्डिथ टटल, वय वर्षे बासष्ट. यजमान ऑरिन टटल दोन हिवाळ्यांमागे वारले. पदरी नात टेस, वय नऊ. तिची आई दूर शहरी कामास, म्हणून पोर आजीपाशी. टेस ही तिसरीपर्यंत पोचली ती एकही ओळ न वाचिता. वर्गात कोणी वाच म्हटले की तिचे पोट दुखे, पाय दुखे, एकदा तर केस दुखले. मग शाळेत मिस नेवा होलिओक आल्या, वाचता न येणाऱ्या अकरा मुलांस रोज एकेकटे घेऊन बसू लागल्या, आणि गेल्या सप्टेंबरात एके सकाळी टेस स्वयंपाकघरात मांजराचे मातीच्या गोणीपुढे उकिडवी बसून बोट फिरवीत मोठ्याने म्हणाली, “ढे-कूळ ध-रते. वा-स मारते. आजी, वास मारते असं लिहिलंय!”

आर्डिथबाईंच्या हातून दुधाचे भांडे सांडले. त्यांनी पोरीस उचलू पाहिले, ते नऊ वर्षांचे धूड उचलेना, म्हणून तिला तशीच जमिनीवर बसून कवटाळिले आणि दोघी दुधात बसल्या. मांजराने दूध चाटिले. त्या गावात त्या दिवशी याहून मोठा सण कोठे जाहला नाही.

परंतु नेवाबाईंची तैनात एका सालापुरत्या मदतीवर होती, ती डिसेंबरात सरणार होती. दुसऱ्या परगण्याच्या शाळेने त्यांस बोलाविले होते आणि सोमवारपर्यंत होय की नाही ते कळवा ऐसे लिहिले होते. तेव्हा आर्डिथबाईंनी मसलत केली की यंदाचा मांजरमातीचा वाटा नेवाबाईंस ठेवून घेण्याकडे लावावा. योजना कागदावर उतरली. मंडळाने सभा भरवून ती मंजूर करावी, आणि सोमवारी सकाळी बड्या कचेरीत दाखल करावी, एवढेच उरले. सभेची तारीख आर्डिथबाईंनी मुकर्रर केली, शनिवार, दुपारी बारा, शाळेचे ग्रंथालय. जाहीरनामा शाळेचे दारावर डकविला. कोणी वाचिला नाही. जाहीरनामे वाचण्याची त्या गावात रीत नाही.

मंगळवारी आर्डिथबाई दुकानात अंडी आणावयास गेल्या, तेथे गल्ल्यावरची वर्ना म्हणाली, “काय गं, सभेला हरणांनाच बोलावलंस की काय?”

“म्हणजे?”

“अगं बाई! शनिवारी शिकार खुली होते! गावात राहणार कोण? तू, हेडमास्तर, आणि ती तीन पायांची कुत्री!”

दुकान हसले. आर्डिथबाई हसल्या नाहीत. त्या गावी नाताळ विसरला तर चालते, लग्नाचा वाढदिवस विसरला तर माफी आहे, पण हरणांचा शनिवार काल जन्मलेले पोरही विसरत नाही. त्यासाठी शाळेस सुटी असते, आणि खाणीचे यंत्र बंद असते. आणि तो विसरल्या कोण, तर चाळीस वर्षे ज्यांच्या ओट्यावर आठ दिवस आधीपासून बंदुकीच्या तेलाचा वास येई त्या आर्डिथ टटल! कारण पुसाल तर एवढेच की, चाळीस वर्षे तो शनिवार त्यांना कॅलेंडर पाहून कळत नव्हता, ऑरिन ओट्यावर बंदूक पुसत बसला म्हणजे कळे. आता ओट्यावर कोणी बसत नाही. अंडी घेऊन त्या घरी आल्या आणि जरा वेळ ओट्यावर आपणच बसल्या.

मग उठोन त्यांनी बड्या कचेरीस फोन केला. तेथल्या कारकुनाचे फर्मान येणेप्रमाणे आले: सभेची तारीख बदलणे झाल्यास सात दिवस आधी नवा जाहीरनामा पाहिजे, सोमवारची मुदत वाढणार नाही, सातापैकी चार असामी जातीने हजर पाहिजेत, फोनवरून हजेरी चालणार नाही, योजना दाखल न झाल्यास वाटा पुढील सालापर्यंत पडून राहील. कारकून पोरगा शहाणा व नम्र होता, म्हणून त्यास शिव्याही देता येईनात.

आर्डिथबाईंनी फौजेची मोजदाद केली. सात असामींपैकी एक त्या स्वतः. दुसरे हेडमास्तर लुंड, मिनेसोटाकडचे, दम्याचे, शिकारीस जात नाहीत आणि शनिवारची गोष्ट त्यांस ठाऊकच नव्हती. दोन असामी नेवाडाचे सरहद्दीपार शिकारीस गेलेले, हाताबाहेर. एक असामी सातवे बाळंतपणास इस्पितळात. राहिल्या दोन: सहा लेकरांची माता जनील हॅच, परगण्यातली अव्वल नेमबाज, आणि खाणीवर माती भरण्याचे लोडर नामे यंत्र चालविणारा रुलन पे, जो पहिल्यापासून म्हणत आला की मातीच्या पैशातून कुस्तीच्या मॅट घ्याव्या. दोघांचा तळ ब्लॅकटेल डोंगरावर. दोघेही पाहिजेत, एकही वजा चालणार नाही. आणि त्यातला एक गनीम.

शनिवारी दिवस फुटता टेसला नेवाबाईंपाशी ठेवून आर्डिथबाईंनी कूच केले. वाहन ऑरिनचे जुने पिकअप, ज्याचे दार आतून उघडत नाही. शस्त्र एक, योजनेचा कागद. रसद म्हणून झाकणाचे भांडे भरून हिरवी जेली, कारण त्या मुलखात रिकाम्या हाताने कोणी कोणाकडे जात नाही, शत्रूकडेही नाही. डोक्यावर, कोणी हरीण समजून गोळी घालू नये म्हणून शिकारीचे दिवसांत घालावयाची केशरी टोपी, ऑरिनची, कानांवर उतरलेली. डोंगराची वाट खडकाळ, पिकअपचा प्रत्येक खिळा वेगळ्या सुरात बोलत होता, आणि जेली वाटेत दोनदा भांड्याबाहेर डोकावली.

साडेसात वाजता जनीलबाईंचा पत्ता लागला. त्या सेजच्या झुडपात पोटावर निजून दुर्बिणीत डोळा घालून होत्या. अध्यक्षांनी गाडी दूर उभी केली, आणि दोन्ही हातांवर व गुडघ्यांवर येऊन रांगत कूच केले. जे उडत गेल्या म्हणतात ते खोटे बोलतात.

“जनील.”

“शूऽऽ!”

“मी आर्डिथ गं.”

“दिसतंय. खाली हो. हरणाला तुझ्या टोपीचा केशरी रंग दिसत नाही, पण तुझा आवाज पलीकडच्या खोऱ्यात जातो.”

“बारा वाजता सभा आहे. तुझ्याविना होत नाही.”

“समोर नर उभा आहे, आर्डिथ. घरी सहा पोरं नि रिकामा फ्रीझर. तुझी सभा काय खायला घालणार त्यांना?”

“किती वेळ लागेल?”

“तू गप्प राहिलीस तर पाच मिनिटं. बोलत राहिलीस तर नाताळ.”

तेव्हा आर्डिथबाई गप्प राहिल्या. पाच मिनिटांचे अर्धा तास जाहले. पोटाखाली खडा, नाकावर माशी, आणि समोर हरीण ऐसे निवांत चरत होते की त्यास सभेची काहीच फिकीर नव्हती. अध्यक्षांच्या हयातीतले हे सर्वांत लांब मौन होय, याची साक्ष गावातले कोणीही देईल. मग एकच बार जाहला, डोंगर दणाणला, आणि जनीलबाई उठून गुडघे झाडीत म्हणाल्या, “आता बोल. पण बोलता बोलता सुरी धर.”

सदरहू हरीण साफ करण्यास तास गेला. आर्डिथबाईंनी बाह्या सारून अध्यक्षपद बाजूस ठेविले आणि पाय धरिले. जनीलबाई आपल्या कामाच्या मध्येच म्हणाल्या, “सभेला येते. नेवासाठी येते. माझ्या मधल्याला तिने सुधारलंय. पण रुलन येणार नाही, सांगून ठेवते. तो सकाळपासून तंबूत बसलाय, म्हणे गुडघा.”

साडेनऊला दोघी गनिमाच्या तळावर पोचल्या. जनीलबाई हरणास गाडीत बांधीत मागे राहिल्या, आणि अध्यक्षा एकट्या जेलीचे भांडे घेऊन पुढे जाहल्या. यापुढील मजकूर लिहावा की न लिहावा ऐसा पेच होता. परंतु रुलन पे यांनी स्वतः येऊन “लिहा, मला लाज नाही” ऐसे सांगितले, म्हणून लिहिला असे.

रुलन पे हे शरीराने थोर, मिशीने त्याहून थोर. जाड लोखंडी भांडे निखाऱ्यावर ठेवून बटाटे सोलीत बसले होते. उठून लंगडत आले.

“कुठला गुडघा रे?” आर्डिथबाईंनी विचारले.

रुलन यांनी विचार करून डावा दाखविला. लंगडत ते उजव्यावर आले होते.

“मी येणार नाही, आर्डिथ. आणि आलो तर मॅटसाठी हात वर करीन. ती माती खणतो कोण? मी खणतो. बारा वर्षं त्या लोडरवर बसून माझ्या कमरेचा पार भुगा झालाय. तिचे पैसे येतात तर पोरांच्या पाठीखाली धड मॅट तरी असू दे! वाचायचं काय एवढं? पुस्तकं काय पळून चाललीत?”

“पुस्तकं नाही, नेवा चाललीय. सोमवारी.”

“जाऊ दे. आपलं काय अडलं? माझं काय अडलं?”

“हे बघ, तू नाही म्हण, माझी ना नाही. पण वाचून नाही म्हण. ही योजना. दोन पानं आहेत. वाचल्याशिवाय मी इथनं हलत नाही, आणि मी बसले म्हणजे तुझे बटाटे संपले म्हणून समज.”

रुलन यांनी कागद घेतला. लांब धरिला, जवळ धरिला. मग परत दिला.

“चष्मा आणला नाही.”

चष्मा त्यांचे छातीवर दोरीने लोंबत होता.

आर्डिथबाईंची जीभ सगळ्या परगण्यात नावाजलेली. तिने हेडमास्तर दोन आणि पाद्री एक यांस घायाळ केले आहे. ती जीभ म्यानातून निम्मी बाहेर आली. तितक्यात त्यांची नजर मेजावर गेली. तेथे शिकारीच्या नियमांचे यंदाचे पुस्तक होते, कोरे करकरीत, घडी न मोडलेले. त्याखाली गेल्या सालचे, तेही तैसेच. शेजारी शिकारीचा परवाना, सही न केलेला. आणि मग त्यांस आठवले की दरसाली शिकारीचे आदले दिवशी ऑरिन ते पुस्तक खिशात घालून रुलनकडे जाई आणि तासभर येत नसे. त्या चिडत. “दोघं मिळून एवढं काय पाहता त्या पुस्तकात?” ऐसे विचारीत. ऑरिन हसे आणि जेवावयास बसे. ऑरिन गेला त्याला दोन शिकारी जाहल्या, आणि दोन्ही शिकारींत रुलनचा गुडघा दुखत होता.

बाईंचे तोंडात शब्द तयार होता. तो उच्चारिला असता तर रुलन पे त्या तळावर, जनीलच्या देखत, जागीच नामोहरम होते, आणि कदाचित शरमेपोटी सभेसही येते. बाईंनी तो शब्द गिळिला. त्या दिवशीची खरी लढाई ती होय, बाकी सगळी धावपळ.

“बरं राहू दे,” त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या. “मलाच जरा हे नियम पाहायचेत. गाडी भलतीकडे लावली म्हणून दंड नको व्हायला.” आणि पुस्तक उघडून मोठ्याने वाचू लागल्या. नर पाहिजे, शिंगांस इतके फाटे पाहिजेत, पाण्याच्या टाकीपासून पश्चिमेकडील उतार यंदा बंद, ओढ्याच्या पूर्वेस मुभा. रुलन यांची सुरी बटाट्यात थांबली.

“ते परत वाच. पश्चिमेचं.”

बाईंनी परत वाचिले.

“म्हणजे टाकीच्या अलीकडं चालतं.”

“अलीकडं चालतं.”

“मला वाटलं सगळंच बंद केलंय. पोरं काहीबाही बोलतात.” रुलन यांनी सुरीच्या टोकाने निखारे सारखे केले. मग रुलन हळू म्हणाले, “ऑरिन तुला काही बोलला होता का?”

“ऑरिन? तो माणूस कधी काही बोललाय? चाळीस वर्षांत सूप अळणी झालंय एवढं सांगितलं नाही त्यानं मला. मीठ घालायचा नि गप खायचा.”

रुलन हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि कांद्याचा दोष दिला. कांदा अद्याप चिरला नव्हता. आर्डिथबाईंनीही डोळे पुसले. त्यांनी कोणास दोष दिला नाही, त्यांस ऑरिनची आठवण आली होती आणि ती येऊ दिली.

मग रुलन उठले, दोन्ही गुडघ्यांनी नीट चालत आपल्या ट्रकपाशी गेले आणि पुढच्या कप्प्यातून पाच लखोटे काढून आणिले, सगळे बंद. “शाळेतनं आलीत. शर्लीन रात्रपाळ्या करून दमते, तिला कशाला दाखवायची म्हणून ठेवली. वाटलं बॉइडच्या तक्रारी असतील. तेवढी बघतेस?”

शर्लीन म्हणजे रुलन यांचे कुटुंब, आणि बॉइड त्यांचा मुलगा. आर्डिथबाईंनी एकेक फोडून वाचिले. पहिले मार्चचे, की बॉइडला वाचता येत नाही, नेवाबाई त्यास रोज वेगळा घेऊन बसतील. दुसरे, की पोरगा रडतो पण येतो. तिसरे, की आता रडत नाही. चौथे, की ओळ वाचिली. पाचवे गेल्या आठवड्याचे. “बॉइडने या महिन्यात एक पूर्ण पुस्तक वाचले, आणि ते संपताच दुसरे मागितले. ते घरी तुम्हांला वाचून दाखवायची त्याची इच्छा आहे. कृपया पंधरा मिनिटे काढावी.”

“म्हणाला होता तो,” रुलन म्हणाले. “परवा. बाबा, ऐका म्हणाला. मी म्हणालो, मला ट्रक धुवायचाय.”

“मग?”

“मग काय, धुतला.” रुलन यांनी मिशी चावली. “घाण नव्हता गं तो. मला भीती वाटली, तो मधेच विचारील, बाबा, हा शब्द काय आहे.”

आर्डिथबाईंनी पाचही पत्रे नीट घडी करून रुलन यांचे हाती दिली. मग रुलन पे यांनी लोखंडी भांड्यावर झाकण टाकिले, निखाऱ्यांवर बादलीभर पाणी ओतिले, आणि गर्जना केली, “जनील! बांधलंस का ते हरीण, का त्याची वेणी घालतेस? सभा आहे बारा वाजता!”

जनीलबाई गाडीआडून म्हणाल्या, “आणि गुडघा?”

“कुठला गुडघा?”

येणेप्रमाणे सव्वादहाला फौज उतरणीस लागली. बिनीला रुलन यांचा ट्रक, मागे ऑरिनचे पिकअप, त्यात आर्डिथबाई, जनीलबाई, हरीण आणि न खाल्लेली जेली. सगळे मनसुबे बरोबर चालले ऐसे वाटले. तो चर्चच्या वळणापाशी पुढे पाहतात तर रस्ताभर मेंढ्या. थंडी पडली म्हणजे मेंढपाळ डोंगरावरून कळप खाली आणतात, आणि तो नेमका तोच दिवस होता. इकडून तिकडे मेंढ्या, कुंपणापासून ओढ्यापर्यंत मेंढ्या. आकडा दोन हजार. आम्ही मेंढपाळास विचारून लिहिला आहे. रुलन यांनी भोंगा वाजविला, तेव्हा सगळ्या मेंढ्या थांबून त्यांकडे पाहू लागल्या.

मेंढपाळ सातुर्निनो, पेरू देशीचे, तेरा वर्षे याच डोंगरावर, घोड्यावरून सावकाश आले. “भोंगा कशाला वाजवता, साहेब? त्यांना वाटतं तुम्ही चारा आणलाय.”

“बाजूला घ्या हो! बारा वाजता शाळेत पोचायचंय!”

“शाळेत? आज? आज तर हरणांचा शनिवार आहे.”

“तुम्हालासुद्धा माहीत आहे!” आर्डिथबाई खिडकीतून कळवळून ओरडल्या, आणि मग सगळी हकीकत एका दमात सांगितली, नेवा, अकरा पोरे, माती, मुदत, आणि आपली चूक. सातुर्निनो यांनी सगळे ऐकून घेतले. ते म्हणाले, “माझ्या पोरींची शाळा मी इथनं मेंढ्या राखून चालवतो. तुमची मांजरं चालवतात. बरं आहे तुमचं.” मग दोन बोटे तोंडात घालून त्यांनी ऐसी शीळ घातली की दोन कुत्रे दोन बाजूंनी सुटले, आणि कळप मधोमध फाटला, आणि दोन्हीकडे लोकरीच्या भिंती उभ्या राहून मधून वाट मोकळी जाहली. आर्डिथबाईंनी जाता जाता हिरवी जेली भांड्यासकट त्यांच्या हाती दिली. ते भांडे अद्याप परत आले नाही, मागणेही केले नाही.

बारास तीन मिनिटे कमी असता फौज शाळेत दाखल जाहली. ग्रंथालयात पहिलीच्या मुलांच्या खुर्च्या मांडिल्या होत्या, मोठ्या कुलपात होत्या आणि किल्ली शिकारीस गेली होती. रुलन पे हे त्या चिमुकल्या खुर्चीवर बसले, तेव्हा गुडघे कानांशी आले, दोन्ही सारखेच. जनीलबाईंच्या बाहीवर रक्त, आर्डिथबाईंच्या केसांत झुडपाच्या काड्या. हेडमास्तर लुंड एकटेच कडक इस्त्रीत, आणि घड्याळाकडे पाहून दम्याची फुंकणी ओढीत होते. नेवाबाई टेसला घेऊन बाहेर व्हरांड्यात थांबल्या. आपल्याच रोजगाराची चर्चा ऐकू नये म्हणून. त्यांच्या हातातल्या पिशवीत दुसऱ्या शाळेस लिहिलेले होकाराचे पत्र होते, तिकीट लावलेले.

हेडमास्तरांनी योजना मोठ्याने वाचिली. मग पुसले, कोणास काही बोलणे आहे काय. रुलन पे खुर्चीसकट उभे राहिले, कारण खुर्ची निघेना.

“आहे. मॅट मला पाहिजेत, अजून पाहिजेत. पण त्या आपण बटाट्यांचं जेवण घालून आणू, पाचशे माणसं जेवतील असं करू, बटाटे मी करतो. मातीचे पैसे नेवाला. ती माती मी खणतो, तर मला एवढं बोलायचा हक्क आहे. बारा वर्षं लोक मला विचारतात, काय काम करतोस, आणि मी सांगतो, मांजरांची घाण उचलायची माती काढतो. आता विचारलं तर दुसरं काहीतरी सांगीन.”

“काय सांगशील?” जनीलबाई म्हणाल्या.

“ते तू विचार, मग सांगतो. हात वर करा की!”

चार हात वर जाहले. विरुद्ध एकही नाही. हेडमास्तर लुंड यांनी घड्याळ पाहून बारा वाजून नऊ मिनिटे ऐसे टिपिले आणि भावनेच्या भरात स्वतःचा हात परत एकदा वर केला; तो मोजिला नाही. आर्डिथबाई बाहेर गेल्या. नेवाबाईंना काही सांगावे लागले नाही, बाईंचा चेहराच सांगत होता. त्यांनी पत्र तेथल्या तेथे फाडिले, मात्र तिकीट सोडवून ठेविले, मास्तरीणबाईंचा पगार तो किती. टेसने आजीच्या केसांतली काडी काढिली आणि पुसले, “आजी, जिंकलो का?” आजी म्हणाल्या, “जिंकलो गं बयो.” आणि या खेपेस त्यांनी पोरीस उचलिलेच.

रुलन पे त्याच दुपारी डोंगरावर परतले, टाकीच्या अलीकडे बसले, आणि संध्याकाळचे आत त्यांस नर मिळाला. रात्रीचे जेवणाअगोदर बॉइडने त्यांस पंधरा मिनिटे वाचून दाखविले. मध्ये त्याने पुसलेच, “बाबा, हा शब्द काय आहे?” आणि रुलन म्हणाले, “मला नाही येत रे. तू सांग.”

तेव्हापासून दर मंगळवारी चार वाजता रुलन पे शाळेचा गरम पाण्याचा बंब दुरुस्त करावयास येतात. बंब नेवाबाईंच्या खोलीत नाही, तळघरात आहे, हे गावात सर्वांस ठाऊक आहे, आणि कोणी बोलत नाही. लोन सीडर गावाने एखादी गोष्ट बोलावयाची नाही ऐसे ठरवून ती पाळिली, हेही इतिहासात प्रथमच घडले.

या फत्तेची नोंद शाळेचे दप्तरी, पंचांच्या सह्यांनिशी, पक्की करावी ऐसे ठरले, म्हणून ही बखर पुरी होताच एप्रिल माहे पहिल्या मंगळवारी रुलन पे यांचे हाती दिली. त्यांनी ती चष्मा लावून, बोट ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचिली. दोन तास लागले, एके ठिकाणी थांबून पाणी प्याले. वाचून त्यांनी मजकूर सर्व खरा ऐसा कबूल केला, आणि खाली सही केली, आणि मग कपाळास आठी घालून एकच उणीव काढिली: “ट्रक ट्रक एवढं लिहिलंत, त्याचा रंग कुठंच लिहिला नाहीत.” सबब पंचांसमक्ष लिहून ठेविले असे की, रुलन पे यांचा ट्रक निळा होता.